बूर्ज येथील जाक क्यरचा वाडा

आपल्या धर्मग्रामाचा इतिहास वाचकांस या अंकांत अन्यत्र आढळेलच. आम्ही येथें दूरच्या एका घराची हकीकत सांगणार आहों. घर बांधणारा जातो, घर राहतें, आणि तें राखणें पुढिलांच्या हातीं असतें, हें तिजवरून स्पष्ट दिसतें.

फ्रान्सच्या मध्यभागीं बूर्ज नांवाचें प्राचीन नगर आहे. तेथील कातड्यांच्या एका व्यापाऱ्याचा पुत्र जाक क्यर हा भूमध्य समुद्रावर गलबतें पाठवून अपार धनवान झाला व राजा सातवा चार्ल्स याच्या जामदारखान्याचा प्रमुख बनला. १४४३ सालीं त्यानें आपला वाडा बांधावयास घेतला. त्या जागीं रोमन अमदानींतला जुना तट होता. तो न पाडतां त्याच्याच बुरुजांच्या आधारानें मागील बाजू उभी केली. म्हणून मागून पाहतां वाडा किल्ल्यासारखा दिसतो, आणि पुढून पाहतां नाजूक गॉथिक नक्षीचा राजप्रासादच भासतो.

'क्यर' म्हणजे हृदय, आणि 'जाक' म्हणजे याकोब. यात्रेकरूंचा शिंपला हें त्या संताचें चिन्ह होय. यास्तव भिंतीभिंतींवर हृदयें व शिंपले कोरलेले आहेत. दर्शनी भागीं खोट्या खिडक्यांतून दगडी माणसें धन्याची वाट पाहत असल्यासारखीं डोकावतात. मुदपाकखान्याच्या जिन्याच्या दारावर स्वयंपाकाचें चित्र, तर प्रार्थनामंदिराच्या जिन्याच्या दारावर मिस्साच्या तयारीचें. मंदिराच्या छतावर देवदूत रंगविलेले आहेत.

परंतु धन्याला हें सुख लाभलें नाहीं. नॉर्मंडी जिंकण्यास ज्यानें राजाला द्रव्य पुरविलें, त्यालाच १४५१ सालीं कैद झाली. दरबारांतील कित्येक सरदार त्याचे ऋणको होते! राजाची प्रिया आन्येस सोरेल हिला विष घातल्याचा आळ टिकला नाहीं; तथापि इतर आरोपांवरून १४५३ सालीं तो दोषी ठरला व त्याची मालमत्ता जप्त झाली. पुढल्या वर्षीं तो बंदिवासांतून निसटला, रोमला पोपमहाशयांच्या आश्रयास गेला, आणि त्यांच्या आरमाराबरोबर तुर्कांविरुद्ध निघाला असतां १४५६ सालीं खिओस बेटावर मरण पावला.

१४५७ सालीं वाडा त्याच्या मुलांस परत मिळाला. पुढें तो अनेक हातीं फिरून मंत्री कोल्बेर याजकडे आला, व १६८२ सालीं त्यानें तो नगरास विकला. तेथें नगरसभा भरे, न्यायालयें चालत. राज्यक्रांतींत महाद्वारावरील राजाचा अश्वारूढ पुतळा नष्ट झाला. कचेऱ्यांच्या सोयीसाठीं आंतील रचनाही पुष्कळ बदलली. तरी रोजच्या वापरामुळें छप्पर व भिंती सांभाळल्या गेल्या. १८४० सालीं ऐतिहासिक वास्तूंच्या पहिल्या यादींत त्याचें नांव चढलें. १९२० सालीं न्यायालय हललें, १९२३ सालीं सरकारनें वाडा विकत घेतला, आणि मग काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला. आज तो सर्वांस पाहावयास खुला आहे.

बंधुभगिनींनो, ज्याला चार दिवसही धडपणें त्यांत नांदतां आलें नाहीं, त्याचें नांव पांच शतकांहून अधिक काळ हेंच घर सांगत आहे. पाडण्यास एक दिवस पुरतो. राखण्यास पिढ्या लागतात. आपल्या वडिलांनीं ठेविलेला एखादा जुना क्रूस, एखादी नोंदवही किंवा कोरीव दार आज आपल्या हातीं असेल, तर तें टाकण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, इतकीच आमची विनंती.