वऱ्हाडातील संत्राबागांचा ऱ्हास व अन्नद्रव्यांचे असंतुलन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

प्रस्तावना :
विदर्भाच्या कृषी इतिहासात कापसाचा जेवढा विचार झाला, तेवढा संत्र्याचा झालेला नाही. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादहून संत्र्याची रोपे आणविली, असे परंपरा सांगते. नागपूर-अमरावती परिसरात स्थिरावलेले हे फळझाड यवतमाळ या मूलतः कापूसप्रधान जिल्ह्यातही आले. ज्या काळ्या मातीने कापसाला वैभव दिले, तीच संत्र्याला मात्र अनेकदा प्रतिकूल ठरली. या विरोधाभासाची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जमीन व अन्नद्रव्ये :
बेसाल्टपासून बनलेल्या या चिकणमातीत अनेक ठिकाणी चुनखडीचे प्रमाण अधिक असते व सामू आठच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. अशा जमिनीत लोह व जस्त असूनही झाडाला उपलब्ध होत नाहीत. पाणी साचल्यास बायकार्बोनेट वाढून लोहाची कमतरता तीव्र होते, तर स्फुरदाच्या अतिरेकाने जस्ताचे शोषण घटते. म्हणजेच प्रश्न केवळ अभावाचा नसून असंतुलनाचा आहे. लोहाअभावी कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जस्ताअभावी पाने लहान व अरुंद होतात आणि फांद्या शेंड्याकडून वाळतात.

ज्ञानाचा प्रवास :
फ्रान्समध्ये युसेब ग्रिस यांनी १८४० च्या दशकात लोहक्षारांनी पिवळी पाने हिरवी होतात, हे दाखविले. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात जस्ताच्या फवारणीने लिंबूवर्गीय झाडे सुधारली. १९५२ मध्ये फ्लोरिडातील स्टुअर्ट व लिओनार्ड यांनी चिलेटयुक्त लोहाचा उपयोग मांडला.

भारतात या प्रश्नाला १९६६ मध्ये वेगळे वळण मिळाले. लिलियन फ्रेझर व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी शेंडेमरीचे संभाव्य कारण म्हणून 'ग्रीनिंग' रोगाकडे लक्ष वेधले. तेव्हा विषाणूजन्य मानलेला हा रोग जीवाणूजन्य असल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्याची लक्षणे जस्ताच्या कमतरतेशी मिळतीजुळती असतात. मात्र कमतरतेत पानाच्या दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या पडतात, तर ग्रीनिंगमध्ये पिवळे चट्टे विषम असतात. अकोल्याचे कृषी विद्यापीठ (१९६९) व नागपूरचे राष्ट्रीय लिंबूवर्गीय संशोधन केंद्र (१९८५) यांच्या स्थापनेमुळे या अभ्यासाला प्रादेशिक अधिष्ठान लाभले.

निष्कर्ष :
संत्र्याच्या ऱ्हासाला एकच कारण चिकटविण्याची प्रवृत्ती इतिहासात वारंवार दिसते. तिची किंमत शेतकऱ्याने मोजली आहे. संत्र्याचे झाड फळावर येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. रोगट झाडावर जस्त फवारीत राहणे किंवा सुधारू शकणारे झाड तोडणे, या दोन्ही चुका कर्जाच्या ओझ्याखालील जिल्ह्यास परवडणाऱ्या नाहीत. म्हणून लागवडीपूर्वी माती व चुनखडीची तपासणी, चुनखडीला सहनशील खुंटाची निवड आणि पान-परीक्षणावर आधारित खत नियोजन आवश्यक आहे. जमिनीचा स्वभाव न ओळखता केलेला पीकबदल हा विकास ठरत नाही, हेच या इतिहासाचे सार होय.