श्रद्धेच्या कुळातलं क्रेडिट

अमेरिकेतल्या ख्रिस्ती सेमिनरीत पाद्री होण्यासाठी 'मास्टर ऑफ डिव्हिनिटी' करायची तर साधारण 72 क्रेडिट तरी लागतात. दुसरीकडची गुणपत्रिका आणली की त्यातली काही वळती होतात. बायबलच्या नव्या कराराची ग्रीक भाषा आधीच पक्की असेल तर तिचा पहिला वर्ग माफही होऊ शकतो.

यातला 'क्रेडिट' शब्द मला फार भावतो. मूळ लॅटिन 'क्रेदेरे', म्हणजे विश्वास ठेवणे. चर्चमधला 'क्रेडो', म्हणजे विश्वासाची कबुली, त्यातलाच. आणि आपली 'श्रद्धा', श्रत् अधिक धा, तीही त्याच आदिम कुळातली! बायबलमध्ये उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून जमा होतो. खात्यात जमा होण्याची ही भाषा विद्यापीठांहून कितीतरी जुनी.

'सेमिनरी' म्हणजे तर रोपवाटिका, लॅटिन 'सेमिनारियुम'. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू घडवणाऱ्या शाळांसाठी हाच शब्द योजला. कोकणात तरव्यातली भाताची रोपं उपटतात, मुळांचा चिखल झटकून जुड्या बांधतात आणि दुसऱ्या खाचरात लावतात. सेमिनरी बदलणारा विद्यार्थी मला तसाच दिसतो, जुडी हातात घेऊन बांधावर उभा.