फ्रान्चेस्काचा बचाव

ऑक्टोबर १३७३मध्ये जोव्हान्नी बोकाच्चोने फ्लॉरेन्सच्या सान्तो स्तेफानो चर्चमध्ये दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'वर जाहीर व्याख्याने सुरू केली. त्यांतले नरकाच्या पाचव्या सर्गावरचे भाष्य मला विशेष महत्त्वाचे वाटते. तिथे भाष्यकार एका स्त्रीचे वकीलपत्र घेतो.

मूळ हकीकत थोडक्यात अशी. राव्हेन्नाच्या पोलेन्ता घराण्यातली फ्रान्चेस्का रिमिनीच्या जानचोत्तो मालातेस्ताला दिली होती. दीर पाओलोवर तिचे प्रेम जडले आणि नवऱ्याने दोघांनाही ठार केले. समकालीन बखरी याबाबत मुक्या आहेत. तिला बोलते केले ते दान्तेने. लान्सलॉटची प्रेमकथा एकत्र वाचताना दोघांचा तोल गेला, असे ती सांगते. दोष देते तो प्रेमाला आणि पुस्तकाला. ऐकणारा दान्ते करुणेने मूर्च्छित पडतो; तिला नरकातून मात्र सोडवत नाही.

बोकाच्चो म्हणतो, तिची फसवणूक झाली. लग्न लावायला देखणा पाओलो आला, तोच आपला नवरा असे तिला वाटले. खरा नवरा दिसला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. कथा रंगतदार आहे, पण पटत नाही. पाओलोचे लग्न १२६९मध्येच झाले होते. फ्रान्चेस्काचे त्यानंतर काही वर्षांनी, १२७५च्या सुमारास.

शिवाय या बचावाची किंमत फ्रान्चेस्काच मोजते. तिची वासना ही निव्वळ गैरसमजाची परिणती ठरते. दान्तेची फ्रान्चेस्का मात्र फसवणुकीची तक्रार कुठेच करत नाही.

नवल असे की, वीसेक वर्षांपूर्वी याच बोकाच्चोने 'डेकॅमेरॉन'मध्ये गिस्मोंदा रंगवली होती. ही तरुण विधवा सालेर्नोच्या राजाला, आपल्या बापाला, ठणकावते: मी हाडामांसाची आहे आणि ग्विस्कार्दोला मी विचारपूर्वक निवडले. बाप प्रियकराचे काळीज सोन्याच्या पेल्यात घालून पाठवतो. ती त्यातच विष ओतून पिते. मरते, पण माफी मागत नाही. या ग्रंथाला बोकाच्चोने दुसरे नावही दिले, 'प्रिन्स गालेओत्तो'. गालेओत्तो म्हणजे लान्सलॉटच्या कथेतला मध्यस्थ. फ्रान्चेस्का आपल्या पुस्तकाला दूषण देते ते याच नावाने.

चर्चमधल्या श्रोत्यांपुढे उभी करायला बोकाच्चोला निष्पाप स्त्री लागली. प्रेमात पडलेल्या स्त्रियांसाठी लिहिताना मात्र स्वतः निवड करणारी स्त्री त्याला चालली. फ्रान्चेस्काचा खरा बचाव, मला वाटते, गिस्मोंदाच्या तोंडी आहे.