टोल रिसेप्टरचा शोध: माशीकडून माणसाकडे

जिवाणूंचं विष टोचलं तरी न मरणारे उंदीर प्रयोगशाळांना १९६५ पासून ठाऊक होते. 'सी३एच/एचईजे' हा त्यांचा वाण. या विषाच्या, म्हणजे एंडोटॉक्सिनच्या, ज्या मात्रेनं इतर उंदीर शॉकनं दगावत, ती हे सहज पचवत. मात्र साल्मोनेलाचे जिवंत जंतू शिरले, की हेच आधी मरत. या कोड्यानं संशोधकांना तीस वर्षं छळलं.

दरम्यान जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि त्यांचे सहकारी फळमाशीच्या भ्रूणात पाठ-पोट कसं ठरतं, याचा शोध घेत होते. त्यात सापडलेल्या एका जनुकाचं नाव 'टोल'. रोगांशी त्याचं काही नातं असेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

खरी ठिणगी टाकली ती येल विद्यापीठाच्या चार्ल्स जेनवे यांनी, १९८९ मध्ये. शुद्ध प्रथिन टोचून प्रतिकारशक्ती फारशी जागी होत नाही. सोबत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार नाहीतर मेलेले जिवाणू लागतात. हे का, असं त्यांनी विचारलं. जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे रिसेप्टर आपल्या पेशींना जन्मजातच असले पाहिजेत, हा त्यांचा तर्क. हाती पुरावा नसताना असं लिहायला धाडस लागतं. मॉस्कोत शिकणारे रुस्लान मेद्झितोव तो लेख वाचून इतके भारावले, की पुढे थेट जेनवेंच्याच प्रयोगशाळेत दाखल झाले.

१९९६ मध्ये स्ट्रासबुर्गला ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी टोल बिघडलेल्या माश्यांना अ‍ॅस्परजिलस बुरशीचा संसर्ग केला. माश्या काही दिवसांतच मेल्या. सूक्ष्मदर्शकाखालच्या छायाचित्रात मेलेल्या माशीच्या अंगातून बुरशीचे तंतू फुटून बाहेर आलेले दिसतात. पुढच्याच वर्षी मेद्झितोव आणि जेनवे यांना माणसातला टोल सापडला.

डॅलसमध्ये ब्रूस बॉयटलर आणि अलेक्झांडर पोल्टोराक यांनी त्या सी३एच/एचईजे उंदरांचं सदोष जनुक वर्षानुवर्षं हुडकलं. १९९८ मध्ये ते हाती लागलं: टीएलआर-४, म्हणजे टोलसारख्या रिसेप्टरांपैकी चौथ्या क्रमांकाचं. प्रथिनात प्रोलिनच्या जागी हिस्टिडिन, एवढाच काय तो फरक! पण त्यामुळे एंडोटॉक्सिनची वर्दी पेशीच्या आत पोचतच नव्हती.

२०११ च्या वैद्यकातल्या नोबेलचा अर्धा वाटा बॉयटलर आणि हॉफमन यांना मिळाला, उरलेला राल्फ स्टाइनमन यांना. जेनवे २००३ मध्येच वारले होते. मेद्झितोव आणि लमेत्र मानकऱ्यांत नव्हते. हे अनेकांना खटकलं, आणि ते रास्तच होतं.

माणसात टोलसारखे दहा रिसेप्टर आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं वेगळा केलेला विषाणू वापरून बनवलेल्या कोव्हॅक्सिन या कोव्हिडवरच्या लशीमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराला जोडलेलं एक द्रव्य असतं. सातव्या आणि आठव्या क्रमांकाच्या टोल रिसेप्टरना चेतवणं हे त्याचं काम.