नमुनासंख्या (जबड्याच्या विकारांवरील रुग्णसंशोधनातील)

उपचारास खरोखरच गुण असल्यास तो अभ्यासात दिसून यावा आणि नसल्यास योगायोगाने भासू नये, यासाठी किती रुग्ण घ्यावयाचे याची, संशोधनास आरंभ होण्यापूर्वीच हिशेबाने मुक्रर केलेली संख्या. बाह्यरुग्ण विभागात वर्षभरात जेवढे येतील किंवा प्रबंधाच्या मुदतीत जेवढे जमतील, ती केवळ हजेरी होय.

बेळगावात के. एल. ई. संस्थेचे विश्वनाथ कत्ती आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर अशी दोन दंतविज्ञान महाविद्यालये असल्यामुळे सीमाभागात हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहत नाही. याच भागातील निपाणीची ख्याती तंबाखूची व विडीची, म्हणून तोंडाच्या विकारांचा दोष तंबाखूकडे जातो. परंतु गालाची अंतस्त्वचा ताठरून तोंड उघडेनासे होते ते मुख्यत्वे सुपारीने, मग ती पानातली असो वा गुटख्यातली. तो विकार अंतस्त्वचेचा, सांध्याचा नव्हे; म्हणून ‘तोंड उघडत नाही’ अशी दोघांचीही तक्रार असली तरी हे रुग्ण आणि जबड्याच्या सांध्याचे रुग्ण एकाच यादीत घालून संख्या फुगविणे गैर ठरते.

समजा, वरच्या व खालच्या पुढील दातांच्या कडांमधील अंतर हे माप धरले, रुग्णारुग्णांतील प्रमाण विचलन 6 मिलिमीटर आहे, आणि दोन उपचारांत निदान 4 मिलिमीटरांचा फरक पडला तरच भाकरीचा घास घेताना तो रुग्णास जाणवेल असे अनुभवी वैद्यांचे मत पडले. तर 5 टक्के सार्थकता-पातळी (नसलेला फरक योगायोगाने भासण्याची शक्यता) व 80 टक्के सामर्थ्य (असलेला फरक दिसून येण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात 36 रुग्ण लागतात. हाच फरक 2 मिलिमीटर धरला तर 142. म्हणजे फरक निम्मा होताच संख्या सुमारे चौपट होते. त्यामुळे हाताशी असलेल्या रुग्णांत हिशेब बसावा म्हणून अपेक्षित फरकच वाढवून लिहिण्याचा मोह होतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील खरी लबाडी तीच. शिवाय विडी वळणारी बाई किंवा ऊसतोडणीचा मजूर रोजगार बुडवून फेरतपासणीस येईलच असे नाही; पाचवा हिस्सा गळेल असे धरल्यास 36 चे 45 करावे लागतात. एकाच रुग्णाचे दोन सांधे म्हणजे दोन रुग्ण नव्हेत, हेही बजावून सांगावे लागते.

अपुऱ्या नमुन्याचा दोष जुनाच आहे. 1978 साली फ्रायमन व सहकाऱ्यांनी ‘निष्फळ’ म्हणून नोंदलेले 71 प्रयोग तपासले, तेव्हा त्यांपैकी 50 प्रयोगांत रुग्ण इतके थोडे होते की 50 टक्क्यांची सुधारणाही त्यांच्या नजरेतून निसटू शकली असती.

पुरेशा नमुन्याचा दाखला बेळगाव जिल्ह्यातच आहे, मात्र तो प्रसूतिशास्त्रातला. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने खेड्यांतील 1,620 स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या औषधाची परीक्षा झाली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. शंभरच स्त्रिया घेतल्या असत्या, तर एका गटात सहा व दुसऱ्यात तीन एवढाच फरक हाती लागता, आणि तो योगायोगाचा नव्हे असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकले नसते.

भारतात 15 जून 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची केंद्रीय नोंदवहीत पूर्वनोंदणी सक्तीची झाली असून, पहिला रुग्ण दाखल होण्याआधी नियोजित नमुनासंख्या तीत लिहावी लागते.