शतसहस्र, कोटी आणि माणूस : बौद्ध साधनांतील मोठ्या संख्यांचे वाचन

पालि साहित्य व प्राचीन शिलालेख यांच्या अभ्यासकासमोर मोठ्या संख्यांचा प्रश्न वारंवार उभा राहतो. सम्राट अशोकाने ८४,००० विहार उभारले, असे महावंस सांगतो. धम्मस्कंधांची संख्याही परंपरेने ८४,०००च दिली आहे. श्रद्धाळू वाचक ही संख्या मोजलेली मानतो; टीकाकार तीच पुढे करून सारे साधन अविश्वसनीय ठरवितो. आमच्या मते दोघांचीही चूक एकच आहे. संख्या कोणत्या स्थानापर्यंत सांगितली आहे, हे ते पाहत नाहीत.

सत, सहस्स, सतसहस्स, कोटि अशी स्थानांची नावे पालि भाषेत रूढ आहेत. कच्चायन व्याकरणात तर कोटीच्या पुढे पकोटि, कोटिप्पकोटि, नहुत अशी मालिका असंखेय्यापर्यंत जाते आणि तिचा प्रत्येक टप्पा मागील टप्प्याच्या शंभर लाख पट असतो. अशोककालीन ब्राह्मी अंकलेखनात शून्य नव्हते. दोनशे, पन्नास, सहा यांना स्वतंत्र चिन्हे होती. मात्र लिपीत नसलेली स्थाने भाषेत होती, आणि म्हणूनच संख्या कोठे थांबवायची हे बोलणाऱ्याला ठरविता येत होते.

कलिंगयुद्धाविषयीचा तेरावा शिलालेख पाहा. राज्याभिषेकास आठ वर्षे झाली असता कलिंग जिंकले. तेथून दीड लाख माणसे नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मरण पावली, असे अशोक सांगतो. तेथील ‘दियढ’ हा शब्द आपल्या ‘दीड’चाच पूर्वज होय. या संख्या उघडपणे स्थूल आहेत. पहिली अर्ध्या लाखाच्या टप्प्यावर, दुसरी लाखावर थांबते. तिसरीला आकडाच नाही. परंतु पुढे तोच राजा म्हणतो की, त्या लोकांच्या शंभराव्या किंवा हजाराव्या भागावरही आज तसे संकट ओढवले, तर ते आपणास अत्यंत दुःखद वाटेल. लाखाचा शंभरावा भाग म्हणजे एक हजार. हजारावा भाग म्हणजे शंभर. लाखाच्या स्थानी माणूस दिसत नाही, शंभराच्या स्थानी तो दिसू लागतो. अंदाज स्थूल असूनही पश्चात्ताप स्थूल नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांचे. नहपानाचा जावई उषवदात याने तीन लाख गायी दान दिल्याचे दहाव्या लेण्यातील एक लेख सांगतो. ही संख्या औदार्याची निदर्शक आहे. गोठ्यातील मोजणी नव्हे. पण त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात, भिक्खुसंघासाठी ठेवलेल्या अक्षयनीवीची नोंद येते तेव्हा भाषा बदलते. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले. त्यांपैकी २,००० शेकडा एक दराने, १,००० शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेतून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. दर मासिक धरून हिशोब केला, तर वर्षाचे व्याज २४० येते, आणि वीस गुणिले बारा हेही २४०च. येथे एका कार्षापणाचीही तफावत नाही. कारण संख्या चुकली असती, तर कोणा भिक्खूचे चीवर राहिले असते.

हा विवेक आपल्या इतिहासासही लागू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमवेत किती जणांनी धम्मदीक्षा घेतली, याचे निरनिराळे अंदाज दिले जातात. ते लाखाच्या स्थानाचे अंदाज आहेत. त्यांतील तफावतीवरून घटनेचे महत्त्व कमी होत नाही, आणि त्यांतील एखादा आकडा मोजलेला म्हणून मिरविण्याचीही गरज नाही. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या २७,८९,५०१ नोंदली गेली. तिला ‘अठ्ठावीस लाख’ म्हणताना आपण नसलेली १०,४९९ माणसे जोडतो. व्याख्यानात ते क्षम्य आहे. परंतु १९५१ साली याच प्रदेशातील संख्या २,४८७ होती. ती लाखाच्या स्थानी पूर्णांकित केली, तर उत्तर शून्य येते.

दीक्षेपूर्वीचे ते अडीच हजार बौद्ध शून्य नव्हते. मोठी संख्या वाचताना तिचे स्थान ओळखावे, आणि त्या स्थानाखाली कोण राहिले, हेही विचारावे. अशोकाने शंभरावा आणि हजारावा भाग मोजला, तो याचसाठी.