डोक्यावरून न्हाणं : शिकेकाई, काळी माती आणि खारं पाणी



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत घरखर्चाचा हिशेब चालला होता. एकीच्या वहीत 'पाकिटं' एवढंच लिहिलेलं होतं. कसली पाकिटं? तर शाम्पूची. एका घरात आठवड्याला चार पाकिटं, रुपयाला एक धरलं तरी वर्षाला २०८ रुपये होतात. दोनशे घरांचं गाव धरलं तर ४१ हजार ६०० रुपये. आकडा ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक आजी म्हणाली, "आमच्या वक्ताले डोस्कं धुवाले पैसा नाई लागे माय, पानी लागे."

त्या एका वाक्यावर पुढची दोन तास चर्चा झाली. पैसा नव्हता लागत, तर काय लागत होतं? ते कुठून येत होतं? आणि मग आपण ते सोडलं कशापायी? आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

आधी आपल्या आज्या काय वापरत, ते पाहू. शिकेकाई आणि रिठा ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. शिकेकाई म्हणजे काटेरी वेलीच्या शेंगा, रिठा म्हणजे झाडाचं फळ. दोन्हींत फेस आणणारं एक द्रव्य असतं. ते तेलाला आणि मळाला धरतं आणि पाण्याबरोबर वाहून नेतं. रिठ्याच्या झाडाला शास्त्रज्ञांनी जे लॅटिन नाव दिलं, 'सॅपिंडस', त्याचा अर्थच मुळी 'हिंदुस्थानचा साबण' असा होतो. म्हणजे साहेबानं आपल्या झाडाची ओळख साबण म्हणूनच करून घेतली होती.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. शिकेकाई काही आपल्या कपाशीच्या वावरात पिकत नाही. ती डोंगर-जंगलाकडची वेल. वऱ्हाडात ती बाजारातून, किराण्याच्या नाहीतर जडीबुटीच्या दुकानातून यायची. म्हणजे तिलाही थोडा पैसा लागायचाच. मग ज्या घरात तेवढाही पैसा नव्हता, तिथं काय होतं? तिथं होती माती.

आपल्या वऱ्हाडाची काळी माती कपाशीसाठी नावाजलेली. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून ती तयार झाली. तिच्यातले कण इतके बारीक असतात की ते पाणी शोषून फुगतात आणि तेलही धरून ठेवतात. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात आणि पावसात पाय रुततो, तो याच गुणामुळे. दुकानात मिळणारी मुलतानी मातीही अशाच बारीक कणांची. बाया नदीकाठची स्वच्छ चिकणमाती नाहीतर खोलवरची काळी माती आणत, भिजत घालत, खडे काढत आणि केसांना लावून धुऊन टाकत. जी माती घराला कापूस-ज्वारी देई, तीच डोकं धुवायला कामी येई. शिवाय ताक होतं, हरभऱ्याचं नाहीतर मुगाचं पीठ होतं. रानात हिंगणबेटाचं झाड होतं. त्याच्या फळाच्या गरालाही फेस येतो, म्हणून तो कपडे धुवायला वापरीत.

आता कोणी म्हणेल, जुना काळ किती चांगला! तर सख्यांनो, तसं नाही. सगळ्या बायांचं न्हाणं कधीच सारखं नव्हतं. वाड्यातल्या मालकिणीला शिकेकाईत नागरमोथा आणि कपूरकाचरी घालून सुगंधी पूड मिळे, पाणी तापवून द्यायला माणूस असे. निंदायला जाणाऱ्या मजूर बाईला माती आणि नाल्याचं पाणी. दलित वस्तीतल्या बाईला तर गावच्या विहिरीला हात लावायचीही बंदी होती. तिनं दूरवरून आणलेल्या घागरीतून आधी पिणं-रांधणं व्हायचं, डोकं धुणं सगळ्यात शेवटी. आणि ज्या जातींत विधवेचं केशवपन करीत, तिथं तर त्या बाईला धुवायला केसच ठेवले जात नसत. आपल्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून बायकांवरच्या अशा अन्यायावर सडकून टीका केली. म्हणून केसांचा इतिहास हा नुसता सौंदर्याचा इतिहास नाही. बाईला किती पाणी मिळत होतं, किती सवड मिळत होती आणि किती मान मिळत होता, हे त्यातून कळतं.

आता शाम्पूकडे वळू. हा शब्द इंग्रजी वाटतो ना? तो आपल्याच देशातला आहे. हिंदीत 'चांपना' म्हणजे दाबणं, रगडणं. आपण 'पाय चेपून दे' म्हणतो, 'चंपी कर' म्हणतो, त्याच घरातला हा शब्द. पाटण्याला १७५९ मध्ये जन्मलेले दीन महंमद नावाचे गृहस्थ पुढे इंग्लंडला गेले. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेचं स्नान आणि अंग रगडून देण्याचं घर उघडलं. त्याला ते 'शाम्पूइंग' म्हणत. १८२२ साली त्यांनी त्यावर पुस्तक काढलं आणि इंग्लंडच्या राजाच्या सेवेतही ते होते. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बदलत गेला. अंग रगडण्याचं 'शाम्पू' डोकं धुण्याचं झालं.

तेल लावून रगडणं आणि मग न्हाऊ घालणं, ही जोडी आपल्याकडे फार जुनी. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथं साडेसातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं. चक्रधरस्वामींच्या रोजच्या जगण्याच्या गोष्टी त्यात आहेत आणि त्यांत मर्दन आणि स्नान यांचेही उल्लेख आहेत. आजही दिवाळीचं अभ्यंगस्नान घ्या, नाहीतर बाळंतिणीचं न्हाणं घ्या. आधी तेल, मग रगडणं, मग पाणी आणि बाळंतिणीला शेगडीवर ओव्याची धुरी. क्रम तोच आहे.

मग आपल्याकडे हे बदललं कधी? १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. वऱ्हाडाचा कापूस गाडीत बसून मुंबईला आणि पुढे विलायतेला जाऊ लागला आणि परतीच्या गाडीतून विलायती माल येऊ लागला. १८८८ साली इंग्लंडच्या साबणाच्या वड्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. साबणात जनावराची चरबी असते म्हणून पुष्कळ घरांत तो शिवतही नसत. १९१८ च्या सुमारास गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा ती अडचण दूर झाली. हळूहळू साबणाची वडी आपल्या न्हाणीत आली आणि बाया डोकंही साबणानंच धुऊ लागल्या.

इथंच आपल्या भागाची खास अडचण उभी राहिली. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली इकडच्या मैत्रिणींना हे सांगायची गरज नाही. विहीर खणा, नाहीतर बोअर मारा, पाणी खारं. नदीनं आणलेल्या गाळाच्या थरांत क्षार साठले आहेत, ते पाण्यात उतरतात. साबण जड पाण्यात गेला की पाण्यातल्या चुन्याशी आणि मॅग्नेशियमशी त्याची गाठ पडते आणि न विरघळणारा चिकट गाळ तयार होतो. फेस येत नाही, केस मेणासारखे होतात, फणी अडते. आमच्यातल्या कितीतरी जणींनी लहानपणी हे भोगलं आहे. आई डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतायची आणि केस तरी चिकटच.

शिकेकाई-रिठ्याचं तसं नाही. त्यांचा फेस थोडा असतो, पण जड पाण्यात त्याचा असा गाळ होत नाही. म्हणून खारपट्ट्यातली म्हातारी बाई साबण हातात आल्यावरही शिकेकाई सोडत नव्हती. लोक तिला अडाणी म्हणत होते. पण पाणी कसं आहे, हे तिच्याइतकं कोणालाच कळलेलं नव्हतं.

मग शाम्पू आला. जर्मनीत हान्स श्वार्त्सकॉफ यांनी १९०३ मध्ये पुडीतला शाम्पू विकायला काढला होता. १९३४ साली अमेरिकेत असा शाम्पू निघाला की ज्यात साबण नव्हताच. त्याची गंमत ही, की जड पाण्यातही त्याला फेस येई आणि चिकट गाळ होत नसे. आपल्या देशात बाटलीतला शाम्पू पुष्कळ वर्षं शहरातल्या पैसेवाल्यांपुरताच राहिला. तो गावात आणला पाकिटानं. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नीकृष्णन यांनी शाम्पू छोट्या पाकिटांत भरायची युक्ती काढली. मजुरी करणारी बाईही विकत घेऊ शकेल, असा त्यांचा विचार होता. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली 'चिक' हा शाम्पू काढला. त्याचं पाकीट पुढे आठ आण्यालाही मिळू लागलं. किराणा दुकानात पाकिटांच्या माळा लटकू लागल्या.

आपण शाम्पू का घेतला, याचं उत्तर आता सापडतं. जाहिरातीला भुललो, एवढंच ते उत्तर नाही. साबणानं आपल्या खाऱ्या पाण्यात आपल्याला छळलं होतं. शिकेकाई कुटायची, भिजवायची, उकळायची, गाळायची, तर रोज मजुरीला जाणाऱ्या बाईला तेवढी सवड कुठली? पाकीट फाडलं की काम झालं, आणि पाणीही कमी लागलं. आपल्या मायबहिणींनी तेव्हा आपल्या सोयीचंच निवडलं. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

मात्र शाम्पूबरोबर एक चूक झाली. शिकेकाई मागे पडली, तशी तिची माहितीही मागे पडली. किती घ्यायची, कशी भिजवायची, कोणती माती चालते आणि कोणती चालत नाही, हे सुनेला सासूकडून कळत होतं. ते सांगणंच बंद झालं. माहिती हातात असली तर निवड आपली राहते. ती गेली की दुकानात जे मिळेल ते घ्यावं लागतं.

म्हणून आम्ही गटातल्या आज्यांकडून ऐकून, करून पाहून जे पक्कं केलं, ते सांगतो. लिहून घ्या.

आठ-दहा शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले पाच-सहा रिठे आणि मूठभर सुका आवळा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर पाणी निम्मं होईस्तोवर उकळा, गार झालं की हातानं कुस्करून फडक्यातून गाळा. डोळे मिटूनच लावा, कारण डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं. फेस थोडा येईल, घाबरू नका. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. केस कोरडे असतील तर रिठे कमी घाला. हे पाणी टिकत नाही, दोन दिवसांत संपवा. शिकेकाई कुटताना नाका-तोंडाला फडकं बांधा, नाहीतर शिंकून शिंकून जीव जातो.

ताकात कालवलेलं बेसन लावायचं असेल तर कोमट पाण्यानं धुवा. कढत पाणी घेतलं तर पीठ केसांतच शिजून गोळे होतात.

मातीबाबत मात्र सावध राहा. आजीच्या काळी वावरात तणनाशक आणि फवारणीचं औषध नव्हतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. तेव्हा वावरातली माती डोक्याला लावू नका. खारपट्ट्यातली माती तर ओली झाली की चोपण होते, केसांतून निघता निघत नाही. राख आणि सोडा केस रखरखीत करतात, तेही नको. उवा झाल्या म्हणून रॉकेल नाहीतर पिकावरचं औषध डोक्याला लावणं तर जिवाशी खेळ आहे. बारीक फणी चालवा आणि दवाखान्यात विचारा. डोक्यात चट्टे, जखमा असतील तरीही दवाखान्यातच जा, शिकेकाईवर विसंबू नका.

काही गटांना वाटेल, याची पूड करून विकू. जरूर विका. पण सौंदर्यप्रसाधन तयार करून विकायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो आधी काढा. घरच्यापुरतं करायला कसलाही परवाना लागत नाही.

आता वान, शहानूर अशा धरणांचं गोड पाणी खारपट्ट्यातल्या पुष्कळ गावांत नळानं येतं. काही गावांत अजूनही चार दिवसांनी, आठ दिवसांनी येतं. ज्या घरी पाणी कमी आणि सवडही कमी, तिथल्या बाईनं पाकीट वापरलं तर तिला कोणी टोचून बोलू नये. रिकामं पाकीट नालीत मात्र टाकू नये.

त्या बैठकीच्या शेवटी आम्ही ठरवलं, की पुढच्या बाजाराला गटानं मिळून पाच किलो शिकेकाई घ्यायची आणि वाटून घ्यायची. आजीला विचारलं, किती दिवस भिजवू? ती हसली. "दिवस नाई वं, एक रात बस झाली. आन् पोरीईले जवळ बसवा, त्यायले बी शिकू द्या."

तेवढं आपण सगळ्या करू.